खिडकीपुढचा तिसरा मॉनिटर

मिलुतिन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात राकियाची, आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली होती आणि दुसऱ्या काखेत भलंमोठं चपटं खोकं. खोक्यावरचं चित्र मी पाहिलं. मॉनिटर होता.

मिलुतिन आमचा कूम, आणि मी त्याची कूमा. लग्नात आमच्या शेजारी साक्षीला तोच उभा होता, आणि आमच्या मुलीचं नावही त्यानंच ठेवलं. इथे आमच्या चाचाक गावात सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक चार दिवस बोलतात. कूमशी भांडलात तर लोक तुमच्याशीच बोलणं सोडतात. त्यातून हा माझा मालक. शिकागोच्या एका ट्रक कंपनीचं काम त्यानं इथे आणलंय. तिकडे सकाळ झाली की इकडे माझी दुपारची पाळी सुरू. ड्रायव्हर तिकडच्या हमरस्त्यांवर, आणि त्यांनी माल कुठे उचलायचा, कुठे टाकायचा हे सांगणारी मी इथे निजायच्या खोलीत, दोन स्क्रीनपुढे. शिकले मी जीवशास्त्र. बेडकाचं हृदय मला तोंडपाठ, आणि बघत बसते इंडियानातल्या डिझेलचे भाव.

माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून शाळा दिसते. तिथली जीवशास्त्राची शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती आणि मुख्याध्यापिका देसांकाबाईंनी मला विचारलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं, सोमवारी वर्गावर. माझं मनातून ठरलं होतं. फक्त आधी मिलुतिनला सांगायचं होतं, कारण असली गोष्ट कूमला बाहेरून कळली तर तो जन्मभर विसरणार नाही. आतापर्यंत बोलले होते ते एकट्या व्लादानशी, माझ्या नवऱ्याशी.

पण आज आमची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं आणि दार सगळ्यांना उघडं असतं. मेणबत्ती जळतेय तोवर घरात आवाज चढवायचा नाही आणि पाहुण्यानं आणलेलं परत करायचं नाही. मी ठरवलं, कॉफी झाली की त्याला बाजूला घेऊन गोड बोलून सांगायचं.

मिलुतिननं छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर प्रसादाचे गोड गहू खाल्ले आणि खोकं घेऊन थेट आमच्या निजायच्या खोलीत शिरला.

"अरे, आधी जेव तरी," मी म्हटलं. "कोबीच्या पानातल्या सारमा गरम आहेत."

"सारमा कुठे पळून जातात? कूमा, आज तुला असं सजवतो की विमानतळाच्या मनोऱ्यात बसल्यासारखं वाटेल."

"मला दोन पुरतात."

"दोन डोळे आहेत म्हणून दोन? मग मी दोन पाय असून गाडी कशाला घेतली?"

बाहेरच्या खोलीतले पाहुणे हसले. व्लादानही हसला, जरा जास्तच.

तो टेबलाखाली घुसला. आधी केबलचं तोंड बसेना, मग बसलं तर तिसऱ्यावर दुसऱ्याचंच चित्र उमटलं. त्यानं सेटिंग उघडून ते वेगळं केलं, तर माऊसचा बाण डावीकडून बाहेर जायचा आणि उजवीकडच्या स्क्रीनवर उगवायचा. "थांब, थांब, याला आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाहीये," असं पुटपुटत तो एक, दोन, तीन असे चौकोन इकडून तिकडे सरकवत राहिला. मी ताट हातात धरून मागे उभी. त्याला थांबव, असं माझ्याच आतून कुणीतरी ओरडत होतं आणि तोंडातून निघत होतं, "कॉफी आणू का रे?"

टेबलावर तिसऱ्याला जागा नव्हती. मिलुतिननं खोक्यातून लोखंडी हात काढला, टेबलाच्या मागच्या कडेला आवळला आणि मॉनिटर त्यावर टांगला. बरोबर खिडकीपुढे. शाळा गेली, मैदान गेलं, उजेडही अर्धा गेला.

तेव्हा माझं लक्ष त्या लोखंडी हाताच्या पकडीकडे गेलं. माझं टेबल वडिलांनी केलेलं, मागची कड हाताच्या पंजाएवढी जाड. बाजारातली साधी पकड तिला बसतच नाही. हा रुंद जबड्याची घेऊन आला होता. आणि केबल? आमचा प्लग कपाटामागे आहे, तिथवर पुरेल एवढी लांब. मिलुतिन या खोलीत जन्मात आला नव्हता.

मी दारातून बाहेर व्लादानकडे पाहिलं. तो मेणबत्तीकडे बघत होता.

म्हणजे माझ्या नवऱ्यानं मिलुतिनला सगळंच सांगितलं होतं. टेबलाचं माप, आणि शाळेचंही. रागानं माझे कान तापले. त्या दोघांनी मिळून मला कोपऱ्यात बसवलं होतं, तेही अशा दिवशी, जेव्हा मला ब्रही काढता येणार नव्हता.

"झालं!" मिलुतिन हात झटकत उठला. "आता आणखी सहा ट्रक तुझे. माझा जीव आहे गं तुझ्यावर, म्हणून म्हणतो. तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाही."

तेवढ्यात दार वाजलं आणि देसांकाबाई आत आल्या. स्लावा आहे, कुणीही येतं. त्यांनी गहू खाल्ले, चमचा ग्लासात ठेवला आणि शाळेतल्याच खणखणीत आवाजात विचारलं, "काय नेवेना, सोमवारी येताय ना? पोरं वाट बघतायत."

बाहेरच्या खोलीतले सगळे माझ्याकडे वळले.

"अहो बाई, तिला कुठला वेळ," व्लादान घाईनं म्हणाला. "हे बघा ना आत, तीन तीन स्क्रीन."

देसांकाबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. तिन्हीवर ट्रकांचे नकाशे लुकलुकत होते. "अरे वा. मला वाटलं होतं... असो. मग मी दुसऱ्या मुलीला फोन करते." त्या पर्समध्ये फोन शोधू लागल्या.

मी मिलुतिनकडे पाहिलं. तो हसत होता, पण ओठ आवळून. मानेची शीर ताठ झाली होती. आणि मला एकदम कळलं की आवाज मला चढवता येत नाही, तसाच त्यालाही येत नाही. मेणबत्ती माझ्या घरातली. जळतेय तोवर यालाही गोडच बोलावं लागणार.

"बाई, फोन ठेवा," मी म्हटलं. "सोमवारी येते."

कुणीतरी काटा ताटात ठेवल्याचा आवाज आला. मी मिलुतिनच्या हातात राकियाचा ग्लास दिला. "कूम, तुझ्या आशीर्वादाशिवाय कशी जाऊ?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं दारातून एकदा मेणबत्तीकडे पाहिलं. मग ग्लास उचलला. "शुभ होवो," तो म्हणाला, आणि एका घोटात संपवला. मग अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "आणि हे सहा ट्रक कोण बघणार?"

"व्लादान," मी मोठ्यानं म्हटलं. "टेबलाचं माप त्याला पाठ आहे. खुर्चीतही बसेल बरोबर."