भुशाची पेटी

पोंभुर्ण्याकडची आचल चंद्रपूरच्या डिझाइन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिथं नीला मॅडम प्रत्येक मॉडेलपाशी थांबून विचारायच्या, "हे मोडल्यावर कुठं जाणार?" सुरुवातीला आचलला या प्रश्नाचा राग यायचा. हळूहळू तीही प्रत्येक वस्तूला तो विचारू लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिची आई गोकुळा थर्माकोलच्या फुटक्या खोक्यात बर्फ भरत होती. गावच्या तलावातले मासे ती बाजारात विकायची. अशी फुटकी खोकी तलावाकाठीच पडायची. पाण्यावर त्यांचे पांढरे दाणे तरंगायचे.

"माय, दुसरी पेटी बनवून देऊ काय?"

"काऊन? हे सस्त्यात भेटते."

"अन् फुटल्यावर?"

गोकुळानं तलावाकडं पाहिलं. "बनव मंग," ती म्हणाली.

आचलनं घरातली जुनी पत्र्याची पेटी घेतली. आत तेलाचा रिकामा पिपा बसवला. मधल्या जागेत राइस मिलमागं पडलेला धानाचा भुसा ठासून भरला. पण पहिल्याच बाजारात दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं, मासे नरम पडले.

"कॉलेजात हेच शिकून राह्यली काय?" गोकुळा चिडली.

आचल रडली, मग पेटी उलटी करून बसली. वितळलेल्या बर्फाचं पाणी पिप्यातून झिरपून भुसा ओला झाला होता. तिनं पिप्याच्या तळाला जुन्या नळीचा तुकडा जोडून पाण्याला बाहेर वाट दिली. कोरडा भुसा धुतलेल्या युरियाच्या पोत्यांत शिवला. झाकणालाही भुशाची उशी लावली.

पुढच्या बाजारी गोकुळानं अर्धेच मासे पेटीत ठेवले, अर्धे थर्माकोलात. ऊन रणरणत होतं. दुपार कलली, थर्माकोलात नुसतं पाणी उरलं. गोकुळानं पेटीत हात घातला आणि बर्फाचा मोठा खडा काढून हसत हसत लेकीच्या गालाला लावला.

शेजारी बसणाऱ्या इंदुताईनं वाकून पाहिलं. "अवो बाई, हे कुठून आणलं? मले बी पायजे."

"आणलं नाई," गोकुळा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माह्या पोरीनं बनवलं!"

सुट्टी संपेपर्यंत आचलचे हात पत्र्यानं खरचटून गेले होते. चंद्रपूरला निघाली त्या दिवशी बाजार होता. बसच्या खिडकीतून तिनं पाहिलं. मासे विकणाऱ्या बायांची अख्खी रांग आपापल्या पत्र्याच्या पेट्या उघडून बसली होती, आणि तिची आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती, "ताजी मरळ! थंडगार मरळ!"