लोइसला पिस्तूल घ्यायचंय

माझ्या नवऱ्याला, वेंडेलला, दुसऱ्या कुणी चुकीची वस्तू विकत घेतलेली बघवत नाही. हार्डवेअरच्या दुकानात अनोळखी माणसाने चुकीची करवत उचलली, तरी हा पुढे होऊन ती त्याच्या हातातून काढून घेतो. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मला या खोडीचा वैतागच आला. गेल्या एप्रिलमध्ये मात्र मी तिचा उपयोग करून घ्यायचं ठरवलं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावातली निम्मी म्हातारी मंडळी नेमबाजीच्या हॉलवर असतात. पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची पिस्तुलं, पन्नास फुटांवर टांगलेले कागद आणि मागच्या टेबलावर ज्याने त्याने घरून आणलेलं जेवण. सव्वीस वर्षं वेंडेलने एक गुरुवार चुकवला नव्हता. मी जायची ती गप्पांना आणि डोरीनच्या पिरोगींसाठी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी त्याने जाणं अचानक बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाला. त्याच गुडघ्याने तो शिडीवर चढून छपराच्या पन्हळी साफ करत होता. खरं कारण मला दिसत होतं. कॉफीचा कप उचलताना त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वय झालं की काहींचे हात हलतात. वेंडेलने मान डोलावली, आणि घरी आल्यावर हात जे खिशात घातले ते घातलेच. त्याचं पिस्तूलही कपाटातून दिसेनासं झालं. एरवी मी विचारल्याशिवाय राहत नाही. तेव्हा धीर झाला नाही.

गुरुवारी तो टीव्हीसमोर बसायचा. लोक घरं विकत घेतात तो कार्यक्रम लावायचा आणि "ते घेऊ नका, तळघरात ओल आहे" असं पडद्याला सांगत राहायचा. मला राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. मला तो पुन्हा हॉलवर हवा होता. माझ्यासाठी म्हणा, त्याच्यासाठी म्हणा.

म्हणून एका सकाळी अंडी तळता तळता मी जाहीर केलं, "मी पिस्तूल घेणार आहे."

"तू?"

"का? मला काय हात नाहीत?" बोलून गेले आणि जीभ चावली.

"घे की," तो म्हणाला आणि टोस्टला लोणी लावायला लागला.

हॉलवर आमची एक रीत आहे. नव्या माणसाला पिस्तूल घ्यायचं असेल, तर आधी प्रत्येकाच्या पिस्तुलातून दहा दहा गोळ्या झाडायच्या. गोळ्या मालकाच्या, आणि कुणालाच नाही म्हणायचं नाही. त्या गुरुवारी मी एकटी गेले. चेस्टरने त्याचं रिव्हॉल्व्हर दिलं. दिसायला देखणं, पण चाप इतका जड की दहाव्या गोळीला माझं बोट सुजलं. डोरीन शाळेची बस चालवते आणि सहा वर्षं हॉलवर नेमबाजीत पहिली येते. तिच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तिच्याच हाताच्या मापाने कोरलेली, माझा पंजा तिच्यात हरवला. एकाने लाल ठिपक्याची दुर्बीण लावलेलं दिलं, त्यात मला ठिपका सापडेपर्यंत बाकीचे जेवून मोकळे झाले. प्रत्येकाने कानात सांगितलं, की शहाणा माणूस फक्त माझ्यासारखंच घेईल.

घरी येऊन मी वेंडेलला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, "एक मनात भरलंय. एवढुसं आहे. पर्समध्ये मावतं. मूठ जांभळी."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "नळी केवढी?"

"माझ्या बोटाएवढी."

"लोइस, नेमाच्या पिस्तुलाला लांब नळी लागते. पुढच्या बाजूला वजन लागतं, म्हणजे ते हातात स्थिर राहतं. त्या जांभळ्याने तू कागदावर मारशील आणि छपराला भोक पडेल."

"छप्पर जुनंच आहे. मला रंग आवडला."

शनिवारी मी गाडीची किल्ली शोधायला लागले, तर हा टोपी घालून आधीच ट्रकमध्ये बसलेला. "नुसता बरोबर येतोय," म्हणाला. मासा गळाला लागला होता, पण मी चेहरा साधा ठेवला.

ओटिसच्या दुकानात एका बाजूला मासेमारीचं सामान, मध्ये गांडुळांचा फ्रिज आणि त्याच्या पुढे पिस्तुलांचं काचेचं कपाट. ओटिसने वेंडेलला बघितलं आणि दोन वर्षं मध्ये गेलीच नाहीत अशा थाटात मान हलवली.

"लोइसला काहीतरी जांभळं हवंय," वेंडेल म्हणाला. "तिला समजाव जरा."

"गिऱ्हाईक देव असतो," ओटिस म्हणाला. "जांभळं तर जांभळं."

"तू तिला ते विकलंस तर तुझ्याकडून पुन्हा एक गांडूळ घेणार नाही."

मग सुरुवात झाली. ओटिसने एकेक पिस्तूल काढायचं, ते उघडून रिकामं असल्याचं दाखवायचं आणि माझ्या हातात द्यायचं. वेंडेल शेजारून बोलत राहायचा. मनगट सरळ. डोळे मिट, हात वर कर, आता डोळे उघड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत आपोआप आली का? नाही आली ना, मग ही मूठ तुझी नाही. हे हलकं आहे, पण हलकं घरी नेताना बरं, झाडताना नाही. हे चांगलं आहे, पण चाप खरखरतो. त्याचे कान लाल झाले होते, आवाज चढला होता. दोन वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि सारखं वाटत होतं, याने बोलतच राहावं. फक्त हात खिशातून निघाले नाहीत. एकाही पिस्तुलाला त्याने बोट लावलं नाही.

सहा पिस्तुलं झाली, सात झाली. ओटिस म्हणाला, "अरे, हिच्या हाताला तुझं जुनं बसेल की. साडेपाच इंच नळी, मूठ बारीक. ते कुठाय?"

"विकलं," वेंडेल म्हणाला.

तो खोटं बोलला की जवळ जे काही असेल त्याच्याकडे बघतो, आणि तेव्हा तो गांडुळांच्या फ्रिजकडे बघत होता. एवढी जमवून आणलेली सकाळ आता हातची जाणार असं मला वाटलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि डोरीन आत आली. तिच्या हातात पावाची प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत पाव नव्हता. आम्हाला बघताच तिने ती पाठीमागे लपवली.

"काही नाही, मी नंतर येते," ती म्हणाली.

"आण इकडे," ओटिस म्हणाला. "या वर्षी कितवी वेळ?"

"दुसरी."

"चौथी."

तिने पिशवी काउंटरवर उपडी केली. नळी, मधला सांगाडा, एक स्प्रिंग, एक पिन. वेंडेलच्या जुन्या पिस्तुलाच्याच जातीचं पिस्तूल, सुटं सुटं. "साफ करायला उघडलं," डोरीन म्हणाली. "उघडतं पटकन. बंद होताना याच्या अंगात येतं. बनवणाऱ्यालाच अक्कल नव्हती."

"नाचता येईना अंगण वाकडं," ओटिस म्हणाला.

"हे तुझ्याकडे नव्हतं ना पूर्वी?" वेंडेलने डोरीनला विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"आहे की, वीस वर्षं. कोरलेल्या मुठीचं हॉलवर, हे घरामागे मजेला. सुटं झालं की दर खेपेला पिशवी कपड्यात गुंडाळून इथे आणते, कुणी बघू नये म्हणून. आज कपडा धुवायला टाकलाय."

ओटिसने काउंटरखालचा मोठा खण ओढला. आत पावाच्या पिशव्या होत्या, ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. चेस्टर. त्याचा भाऊ. चर्चचा ऑर्गन वाजवणारा. गावातला दातांचा डॉक्टर, जो लोकांच्या तोंडात सुई धरून काम करतो. वेंडेल वाकून एकेक नाव वाचत होता.

"यांचे हात तर ठणठणीत आहेत," तो हळूच म्हणाला.

"हातांचा काय संबंध?" ओटिस म्हणाला. "आत घोड्याला एक बारीक दांडी लोंबते. ती स्प्रिंगच्या वाटीत बसली तर सगळं जुळतं. नाही बसली तर देव आला तरी ते बंद होत नाही. अर्धा जिल्हा माझ्याकडे पिशव्या घेऊन येतो. घरोघरी मातीच्या चुली, बाबा."

वेंडेल सरळ झाला, वळला आणि दाराबाहेर गेला. मला वाटलं, दुखावला, आता ट्रक चालू करून निघणार. डोरीनने माझ्या दंडावर हात ठेवला. ट्रकचं दार आपटलं, आणि तो परत आला. त्याच्या हातात आमचा कॉफीचा लाल डबा होता, मी दोन वर्षांपूर्वी घरभर शोधला तो. त्याने डबा काउंटरवर ठेवला. आत काय खुळखुळतंय ते सगळ्यांनाच कळलं.

"सीटखाली होता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "साफ करायला उघडलं होतं. तीन दिवस बसलो. जमलं नाही. मला वाटलं, हात गेले."

दोन वर्षं हा माणूस तो डबा घेऊन या दुकानावरून येत जात होता. मला रडू आलं आणि हसूही आलं. हसू आधी बाहेर पडलं. "आणि मी नवीन डबा विकत आणला," मी म्हटलं. मग तोही हसला, खांदे हलवत, टोपी डोळ्यांवर येईपर्यंत.

ओटिसचा नियम आहे, तो स्वतः कुणाला जुळवून देत नाही. काउंटरवर फडकं पसरतो आणि म्हणतो, कर. आधी डोरीन बसली. चार वेळा मुठीमागची पट्टी आपटून बघितली, चारही वेळा ती अर्ध्यात अडली. तिने बसमध्ये पोरांसमोर कधी वापरणार नाही असे शब्द वापरले.

मग वेंडेल. हात खिशातून बाहेर आले. उजवा थरथरत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने तो लपवला नाही. त्याने नळी बसवली, पिन घातली.

"नळी छताकडे," ओटिस म्हणाला. "चाप ओढ. आता ती दांडी आत लोंबतेय, तिला तिची वाटी सापडू दे. जोर लावू नकोस. नुसतं हलव. बारीक, एकसारखं. लोकांना तेच जमत नाही, एक तर गच्च धरतात नाही तर गदागदा हलवतात."

वेंडेलने पिस्तूल वर धरलं. हलवायचं त्याला काही कारणच नव्हतं. हात आपला आपण हलत होता, बारीक आणि एकसारखा. त्याने डाव्या अंगठ्याने पट्टी दाबली. खट् आवाज झाला आणि ती बसली.

वेंडेलने पिस्तूल उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं. सगळं सरकत होतं.

"परत कर," ओटिस म्हणाला. "मला बघायचंय."

वेंडेलने सगळं सोडवलं आणि पुन्हा जोडलं. पहिल्याच झटक्यात.

डोरीनने तिचे तुकडे त्याच्यापुढे सरकवले. "हा हात मला आजच्यापुरता उसना दे."

"तुला देऊन काय उपयोग," वेंडेल म्हणाला. "तुझं अंगणच वाकडं." आणि तिचंही जोडून दिलं.

मग त्याने स्वतःचं पिस्तूल रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. मी डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. पुढची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध बसली होती. मूठ गार होती आणि माझ्या पंजात पुरती मावली होती.

"हेच," मी म्हटलं.

"म्हणजे सकाळभर माझं सगळं कपाट रिकामं केलंत आणि शेवटी माझी विक्री शून्य," ओटिस म्हणाला.

"शून्य कशी? माझं ठरलं. आता याला एक लागेल."

वेंडेलने माझ्याकडे बघितलं. नजर चुकवायला फ्रिज त्याला आता लागत नव्हता. "दोन हातांनी धरता येईल असं," तो म्हणाला. "थोडं जड. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारायला काही बंदी नाही ना?"

"आहे कुठे?" डोरीन म्हणाली. "पण रीत म्हणजे रीत. आधी प्रत्येकाच्या दहा दहा गोळ्या. गुरुवारी."

गुरुवारी आम्ही हॉलवर पोचलो, तर ही बातमी आमच्या आधी पोचली होती. मागच्या टेबलावर पिरोगींच्या शेजारी नऊ पावाच्या पिशव्या मांडल्या होत्या. दातांचा डॉक्टर स्वतःची धरून उभा होता. वेंडेलने कोट काढला, बाह्या सारल्या आणि बसला. नळी छताकडे, चाप, थरथर, खट्. प्रत्येक खट्सरशी टेबलाभोवतीची मंडळी टाळ्या वाजवत होती, आणि तो "गप्प बसा, मला ऐकू येत नाही" म्हणत खुशीत पुढची पिशवी ओढत होता.

मी नेमासाठीच्या चौथ्या खिडकीत उभी राहून दहा गोळ्या मारल्या. सात कागदाला लागल्या. कागद घेऊन मागे आले, तर त्याच्यापुढची रांग अजून संपली नव्हती.

आता जून लागला. वेंडेलने अजून पिस्तूल घेतलेलं नाही. वाळूच्या पिशवीवर हात टेकून तो दर आठवड्याला कुणाच्या तरी दहा गोळ्या उडवतो, कागद नाकाशी धरून बघतो आणि म्हणतो, घाई कसली आहे, चुकीचं घ्यायला नको. ओटिस वैतागलाय. मी रोज देवाला सांगते, याला कुठलंच पसंत पडू देऊ नकोस.