रद्दीत गेलेली 'पाहा' कार्डं

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एक बाई वाचनालयात आली आणि पावणेबाराला रिकाम्या हाताने परत गेली.

मित्रांनो, मी साठ खणांचं एक जुनं लाकडी कपाट आहे. कुठलं पुस्तक कुठे आहे, हे सांगणारी कार्डं माझ्या पोटात असत. त्यांतली काही कार्डं ग्रंथपाल मॅडमच्या खास मर्जीतली. त्यांवर पुस्तकाचं नाव नसेच. वर लोकांच्या तोंडचा शब्द आणि खाली 'पाहा' असं लिहून पुस्तकातला शब्द. "लोक काही पुस्तकी भाषेत आजारी पडत नाहीत," मॅडम म्हणायच्या. येणाऱ्याला आधी बसवायच्या, "घरी याला काय म्हणता?" असं विचारायच्या आणि मग खण त्यालाच उघडायला लावायच्या.

मॅडम निवृत्त झाल्या. संगणक आला. नव्या कारकुनाने पुस्तकांची कार्डं त्यात उतरवली. पुस्तकाचा क्रमांक भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नसे आणि 'पाहा' कार्डांवर क्रमांकच नव्हता. त्याने ती रद्दीत दिली. खोडसाळपणा नव्हता, कामाचा उरक होता.

सोमवारची बाई खडी फोडणाऱ्याची बायको. खाणमालक म्हणतो, खोकला तंबाखूचा आहे. धुळीने हा आजार होतो, असं छापील दाखवलं नाही, तर नवऱ्याला पुन्हा यंत्रावर जावं लागणार होतं. त्याच्या तक्रारीची सुनावणी त्याच दुपारी तीनला होती.

"काय टाकू, ताई?"

"खडीचा दमा."

"असलं काही नाही आपल्याकडे."

"नीट बघा की, भाऊ. अख्खी वस्ती खोकतेय."

"वस्ती खोकत असेल हो. मशीन कशाला खोटं बोलेल?"

"चार दिवस खाणीवर ठेवा त्याला. मग विचारा."

कारकून हसला. ती हसली नाही.

'खडीचा दमा, पाहा: सिलिकोसिस' हे कार्ड माझ्या तेविसाव्या खणात बारा वर्षं होतं. दगडाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराचं पुस्तक तिच्यापासून वीस पावलांवर, तळच्या फळीवर होतं. मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, एका शब्दाने दार उघडलं नाही तर दुसरा शब्द लावून पाहा. आणि कधी टेबलामागे बसलात, तर 'नाही' म्हणण्याआधी समोरच्याला एक प्रश्न तरी विचारा.

आज गुरुवार. सुनावणीत काय ठरलं, तो माणूस यंत्रावर परतला की नाही, इथे कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलेलंही नाही.