भवानी पेठेतला भोंगा आणि गंगम्माची भाकरी

मी भोंगा बोलतोय. तसा रोजच बोलत आलो, पण ते सगळं दुसऱ्यांचं. आज मागे माईक नाही, टेप नाही. आज जरा माझं ऐका.

सोलापुरात भोंगा म्हटलं की जुन्या माणसांना गिरणीचाच आठवतो. तो मोठा रुबाबदार होता म्हणे. माझं त्याच्याशी काही नातं नाही. मी घंटागाडीच्या टपावरचा साधा पत्र्याचा कर्णा. स्वच्छतेच्या योजनेचा निधी आला तेव्हा महापालिकेनं मला विकत घेतलं आणि भवानी पेठेतल्या गाडीवर बसवलं. माझ्या कडेला योजनेचं नाव झोकात रंगवलं होतं. पुढे योजना बदलली, त्या नावावर दुसरं नाव आलं, मग तिसरं. रंगाचे थर चढत गेले, मी मात्र तोच राहिलो.

काम दोनच. सकाळी ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं लावायचं आणि पाण्याची बातमी द्यायची. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. त्यामुळे "महापालिकेतर्फे कळविण्यात येते की" एवढं माझ्या तोंडून निघालं, की अख्खी गल्ली कान टवकारते. मंत्र्यांचं भाषणही कुणी इतकं मन लावून ऐकत नसेल. मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

बसू हा आमचा ड्रायव्हर, आणि माईकही त्याच्याच हाताशी. आमच्या वाटेवर गंगम्माचं घर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटाची ती प्रमुख. गटातल्या सगळ्या बायका आधी विड्या वळायच्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, तंबाखूचा खकाणा नाकात जायचा. ते सोडून त्या गंगम्माच्या शब्दावर तव्याशी आल्या होत्या. त्यांतली पार्वतम्मा फारच अबोल. पण भाकरी थापताना तिच्या तळव्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. आवाजातलं मला कळतं, म्हणून सांगतो.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास महापालिका बचत गटांचं प्रदर्शन भरवायची. मांडव महापालिकेचा, स्टॉल फुकट. गटाची मोठी विक्री तिथंच व्हायची. मागच्या वर्षीही बायकांनी भाकऱ्यांच्या चळती रचून ठेवल्या होत्या. अशात एके दिवशी ऋतुजा मॅडम गंगम्माच्या दारात आल्या. विभागीय कार्यालयात बचत गटांचं काम त्या बघतात. आमची गाडी समोरच उभी होती.

"मावशी, यंदा प्रदर्शन होत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "वरून निधीच आला नाही."

गंगम्मा पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली. "आन् हे येवढं थापून ठिवलंय त्याचं काय म्याडम? माझ्या बायांना काय सांगू? परत सुपावर बसा म्हनू?"

'वरूनच नाही, तर आम्ही काय करणार?' हे वाक्य मी कचेरीच्या फाटकाशी उभा राहून पुष्कळदा ऐकलंय. ऋतुजा मॅडमनी ते उच्चारलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बसू, कचऱ्याचं गाणं संपल्यावर हा भोंगा काय करतो?"

"काय करतोय? गप बसतो की!"

त्या दिवशी माझ्या नशिबाचं दार उघडलं. विभागीय अधिकारी आधी कचरले. "कचऱ्याच्या गाडीवरून भाकरीची जाहिरात? लोक नाक मुरडतील."

"लोक कानानं ऐकतात, साहेब," मॅडम म्हणाल्या. "गाडी रोज फिरते, भोंगा रोज ओरडतो. याला वेगळा निधी लागत नाही."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. वर कार्यालयाचं आवार आणि तिथली टेबलंही भाकरी मांडायला दिली. खिशात दमडी नसताना घरातलं जे असेल ते पुढं करणारी माणसं मला फार आवडतात. महापालिका तेव्हा मला तशीच दिसली.

पण पहिल्या दिवशी फजिती झाली. जाहिरात लिहिली कार्यालयानं, कार्यालयाच्या सवयीनं. बसूनं वाचायला सुरुवात केली, "महापालिकेतर्फे कळविण्यात येते की..." झालं! बाया घरात पळाल्या, पाणी ओढायच्या मोटारी सुरू झाल्या, घागरी-कळशांचा एकच दणदणाट. माझी भाकरी त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेली नाही. मग नळ कोरडे बघून सगळ्यांनी मलाच शिव्या घातल्या. आवारात गंगम्मा आणि तिच्या बायका संध्याकाळपर्यंत वाट बघत बसल्या. एक गिऱ्हाईक फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मा कामावर आली नाही. विडीचं पान आणायला ती पिशवी घेऊन कारखान्याकडे गेली होती. गंगम्माचा चेहरा मला बघवेना.

"मावशी, आज तुम्हीच बोला," ऋतुजा मॅडम म्हणाल्या.

"मला तुमच्या कागदावानी बोलता यायचं न्हाय."

"कागद नकोच."

गंगम्मा गाडीत चढली, माईक हातात धरला. मी कधी नव्हे तो घाबरलो.

"अगं अक्का, पळू नका, पानी न्हाय आलं! मी गंगम्मा बोलायलेय. प्रदर्शन न्हाय झालं, पन भाकरी झालीय की! लई कडक हाय. पुन्याला लेकाकडं धाडा, बेंगळूरला लेकीकडं धाडा, मोडंल पन नासायची न्हाय. या, या! बर्री, बर्री!"

मग तेच तिनं कानडीत सांगितलं. खिडक्या उघडल्या, बाया खळखळून हसल्या आणि आवाराकडे निघाल्या. इतकी वर्षं बोलत होतो, पण माझं ऐकून कुणाला हसू आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. दुपारी आमची गाडी आवाराशी आली तेव्हा चळती निम्म्यावर आल्या होत्या. मोहोळचा एक हॉटेलवाला तर रोजच भाकरी द्या म्हणून गळ घालत होता. गंगम्मानं धावत येऊन पुन्हा माईक ओढला.

"पार्वतम्मा! कुटं असशील तितनं ये! ते पान परत दे, हितं हात कमी पडायलेत!"

साऱ्या पेठेनं ऐकलं. पार्वतम्मा आली ती पानाची पिशवी काखेत मारूनच, आणि माझ्याखाली उभी राहून रडली. मीही रडलो असतो, पण पत्र्याला ते जमत नाही.

त्यानंतर कार्यालयानं वारच लावून दिले. एक दिवस टॉवेल विणणाऱ्यांचा, एक दिवस गोधड्या शिवणाऱ्यांचा. ज्याचा धंदा त्यानंच बोलायचं, असा ऋतुजा मॅडमचा नियम.

यंदा निधी आला, चौथ्या नावानं. प्रदर्शन भरलं, नव्या गाड्या आल्या, नवे भोंगे आले. मी आता कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांवर पडून असतो. लवकरच भंगारात जाईन. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. निधी येवो न येवो, बायांच्या हातातला तो माईक काढून घेऊ नका.

आज सकाळी नवी गाडी खोलीवरून गेली. भोंग्यातला आवाज मी लगेच ओळखला, जरी तो मी कधी माईकवर ऐकला नव्हता.

"मी पार्वतम्मा बोलायलेय. भाकरी तर घ्याच. पन बिडी वळून जिची पाठ गेलीय, तिनं आमच्याकडं यावं. आमी शिकवू."