सरकत्या दारांचा नाच

माझी थोरली नात कर्स्टी जन्मली, त्या वर्षी माझी धाकटी बहीण एफी जपानला लेकीकडे राहून आली. तिथल्या जुन्या लाकडी घरांतली सरकती कागदी दारं तिच्या डोक्यात बसली होती. आल्या आल्या तिनं त्यांवर नाच रचला. समोरासमोर दोन रांगा. मधल्या जोड्यांनी दारांसारखं एकमेकांपुढून सरकायचं, आणि पहिल्या जोडीनं व्हरांड्यातून चालल्यासारखं बाहेरून फिरून यायचं.

हिवाळ्यातल्या मोठ्या नाचात तो घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिचे गुडघे गेले होते. गावाला नाच शिकवण्याचं हे तिचं शेवटचं वर्ष. गावच्या नाचमंडळाचा अध्यक्ष डूगल पेट्री म्हणाला, "आज तालमीत एकदा न चुकता करून दाखवा. मग घेऊ."

चुकायचं ते नेमकं दारांपाशी. आमच्याकडे पोर चालायला लागलं की नाचायला लागतं. समोर माणूस आला की हात पुढे जातोच. हात धरला की गिरकी आली, आणि दार गरकन फिरलं.

"अरे, दार सरकवायचंय, उखडायचं नाही!" एफी ओरडली.

"बाई, हात मेला ऐकतच नाही," बेकरीवाली नेटा म्हणाली.

"नवऱ्याला बरा ऐकायला लावतेस!"

डूगलनं घड्याळ पाहिलं. "एफी, राहू दे आता. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी खुर्चीत असेन, डूगल."

ती तडक चहाच्या टेबलाशी गेली. नेटानं आणलेल्या लोण्याच्या बिस्किटांचं ताट उचललं आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक बिस्कीट ठेवलं. "खायचं नाही. मोडलं त्याला चहा नाही. दादा, वाजव तू."

मी अकॉर्डियन वाजवायला घेतला. धरायला हातच मोकळे नव्हते. दारं सरकली, संथ, कुणाचा धक्का कुणाला न लागता. पहिली जोडी फिरून आपल्या जागी आली.

"जमिनीवर चुरा पडलाय," डूगल म्हणाला. "झाडणार कोण?"

"नाच घेतलास तर मी झाडते."

"घेतला, बाई, घेतला."

मोठ्या नाचाला बिस्किटं नव्हती. डूगलचाच हात पुढे आला. त्यानं तो घाईनं पाठीमागे नेला आणि सगळा हॉल हसला. संपल्यावर लोकांनी पाय आपटून पुन्हा एकदा मागितला. या खेपेला एफी स्वतः पहिल्या जोडीत उभी राहिली, डूगलला घेऊन. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

एफी १९९३ च्या मार्चमध्ये वारली. डूगल त्याच वर्षी, नाताळच्या आधी.