बाटली खाली, रक्त वर

“चढलं! रक्त चढलं!” कुणीतरी किंचाळलं आणि अख्खी गल्ली त्या एवढ्याशा खोलीत घुसली.

खाटेवर तापाने बरळणारी ताई. जमिनीवर तिची सलाईनची बाटली मांडून बसलेला बाबा. टवाळांनी त्याला जळूबाबा नाव ठेवलं होतं, तर त्याने तेच मिरवायला घेतलं! नळीतून लालभडक रक्त बाटलीकडे निघालं होतं.

“बघा, हडळ रक्त पितेय! हाणा! मार हडळीला लागतो, बाईला नाही!”

दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, पट्टा सपकन बसला. लागला म्हणे हडळीला, पण ओठ फुटला तो ताईचा.

“अहो, मी आहे, मी!” ताई कळवळली.

डॉक्टर सलाईन लावून गेले होते, लक्ष ठेवायला ताईच्या धाकट्या बहिणीला बसवून. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या धाकटीला दोघांनी दाराशी दाबून धरलं होतं. अजून दोन-चार फटके, की ताई हातची जाणार, हे तिला दिसत होतं. तिने एकाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, सुटली, झेप घेऊन बाटली उचलली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. रक्त मुकाट्याने परत फिरलं.

“लपली! आत लपली!” बाबा ओरडला. घ्या! चढलं तरी हडळ, उतरलं तरी हडळ.

“दाजी, तुमचा हात द्या,” धाकटी म्हणाली. “खोटी ठरले तर मलाही मारा.”

दाजी गोंधळले, पण हात पुढे केला. तिने त्यांचाच पट्टा त्यांच्या दंडाला आवळला, शीर फुगवली, डॉक्टरांच्या खोक्यातली नवी सुई टोचली, नवी बाटली जोडली. पट्टा सोडला आणि बाटली जमिनीवर ठेवली.

दाजींचं रक्त नळीत चढू लागलं.

“याच्यातही शिरली!” मागून कुणीतरी बोंबललं आणि काठी दाजींच्या पाठीत बसली. दुसरी खांद्यावर.

“अरे थांबा! मी आहे, मी!”

“ताईही हेच सांगत होती, दाजी!” धाकटी ओरडली आणि बाटली डोक्यावर धरली. रक्त उतरलं. खाली नेली, चढलं. वर, उतरलं. काठ्या हवेतच राहिल्या.

“शिरेतलं रक्तही जोर लावतं. बाटली उंच असली की पाण्याचा जोर जास्त, म्हणून ते आत जातं. हातापेक्षा खाली आणली की रक्ताचा जोर जास्त, म्हणून रक्त नळीत येतं. टाकीचं पाणी तरी याहून वेगळं काय करतं? बाबा, आता तुमचा हात आणा.”

बाबाने हात मागे लपवला. तेवढं पुरे झालं! दाजींनी हातातली सुई उपसून टाकली, पट्टा उचलला आणि बाबाचं मानगूट धरलं. गर्दी पुन्हा चेकाळली, “हाणा! हाणा!”

धाकटीने पट्टा धरला. “त्याला पोलीस बघतील. मघाशीही तुम्ही असंच ‘हाणा’ ऐकून हाणलंत. बाबाने थाप मारली, पण पट्टा तुमच्या हातात होता, दाजी.”

दाजी मटकन खाटेशी बसले आणि ताईच्या ओठावरचं रक्त पुसायला त्यांनी हात पुढे केला. तो हात येताना पाहून ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

माणसांनो, चमत्कार दिसला तर खुशाल बघा. पण कुणावर हात उचलण्याआधी बाटली उचलून बघा.