मला परत बसवू नका

मी एका जुन्या पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्युटर आहे. सध्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या रफिकभाईंच्या गॅरेजात, भंगाराच्या डब्यात पडलो आहे. मित्रांनो, मला इथे बघून हळहळू नका. या डब्यात येण्यासाठी मी किती तळमळलो, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझं काम साधं, पण चुकून चालणार नाही असं. गाडीच्या इंजिनात पेट्रोल पेटवणारे चार प्लग असतात. पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढत पुढे जातो, तसा मी प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने ठिणगी वाढायचो. एखाद्याची पाळी हुकली की गाडी आचके देते आणि बंद पडते. नेसरीच्या हंबीररावांनी मला स्वतःच्या हाताने आपल्या गाडीत बसवलं. त्यांना यंत्रांची भारी हौस. "ऐक, कसं गाणं म्हणतंय इंजिन," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्या गाण्यातला ठेका माझाच, असं मला वाटायचं. तेव्हा मी जरा शिष्टच होतो म्हणा ना.

हंबीरराव गेले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे, सयाजीकडे आली. वडिलांवर त्याचा फार जीव, म्हणून माझ्यावरही. दर खंडेनवमीला तो बॉनेट उघडून पाइपाने इंजिन धुऊन काढायचा, मग मला हळद-कुंकू वाहून झेंडूची माळ घालायचा. सगळं मायेनेच करायचा. पण ते पाणी माझ्या अंगात झिरपायचं आणि आतल्या फिरत्या दांड्याचं ग्रीस धुऊन न्यायचं. दांडा कोरडा पडला, हळूहळू झिजला, आणि मी किरकिरू लागलो.

मित्रांनो, त्या किरकिरीतून मी हाका मारत होतो. कारण तोवर सयाजीच्या आईची, चिमणाबाईंची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना आठवड्यातून दोनदा कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यावं लागे. मागच्या सीटवर त्या आणि त्यांची सून क्रांती, आणि पुढे इंजिनात मी असा डगमगणारा. वाटेत मी थांबलो तर? सयाजी मात्र माझी किरकिर ऐकू येऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावायचा.

शेवटी गाडी रफिकभाईंकडे आली. त्यांनी लांब पाना एका बाजूने इंजिनाला आणि दुसऱ्या बाजूने कानाला लावून आवाज हुडकला.

"सयाजीराव, ह्येचा दांडा ढिला झालाय. दुसरा बसवूया. हाय माझ्याकडं."

"नको गा. बाबांच्या हातचा हाय. तेल घालून बघू की."

"तेलानं गप बसंल. बरा न्हाय व्हायचा."

सयाजीने ऐकलं नाही. घरी जाऊन त्याने माझी टोपी काढली आणि आत गोडेतेल ओतलं. आवाज खरंच थांबला. सयाजी खूश झाला. मी मात्र घाबराघुबरा झालो. आता मला ओरडताही येत नव्हतं, आणि तेल ठिणगीच्या जागेवर पसरत चाललं होतं.

त्याच सुमाराला घरात लग्न निघालं आणि चिमणाबाईंची दवाखान्याची एक खेप चुकली. पाय सुजले, धाप लागली. सकाळी सयाजीने घाईने गाडी काढली. कागलच्या पुढे महामार्गावर एका प्लगची ठिणगी हुकली, मग दुसऱ्याची. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो. मागून चिमणाबाईंच्या छातीची घरघर ऐकू येत होती. थोडंच अंतर राहिलंय, एवढं नेऊ दे, असं मी विनवत होतो. कुणाला विनवत होतो, कोण जाणे. गाडी बंद पडली.

"आई, दम धर. हुतीया चालू," म्हणत सयाजी चावी फिरवत राहिला. मी फिरत होतो, पण वाढायला माझ्याकडे काही नव्हतं. क्रांती रस्त्यावर उतरून हात करू लागली. एक गाडी थांबली. तिचा चालक सयाजीला म्हणाला,

"पावणं, गाडीचं मागनं बघा. म्हातारीला आमच्यात घाला."

चिमणाबाईंना उचलून नेलं, तेव्हा त्यांचा एक हात नुसता लोंबत होता. क्रांती त्यांच्याबरोबर गेली. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

सयाजीने फोन करताच रफिकभाई मोटरसायकलवरून दुसरा डिस्ट्रिब्युटर घेऊन आले. वायरींवर खुणा केल्या, बोल्ट सैल केला आणि मला उपसून काढलं. तो नवा बसला आणि चावी फिरताच गाडी सुरू झाली. सुटलो, असं मला वाटलं. तोच सयाजीने मला फडक्यात गुंडाळलं. "साफ करून ह्योच परत बसवू. बाबांचा हाय." नको रे सयाजी, नको, असं मी म्हणत होतो, पण मला वाचा कुठली?

चिमणाबाई वाचल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी सयाजीने खाटेशेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला मागून घेतलं आणि अशक्त बोटांनी माझा दांडा हलवला. तो खडखडला.

"ह्येंनी गाडी घेतलती ती माणसं न्यायला," त्या म्हणाल्या. "ह्यो तुकडा जपाय आईला मारतोस व्हय रं? जा, रफिकला दिऊन ये."

सयाजी खूप रडला. मग त्याने स्वतःच मला इथे आणून या डब्यात ठेवलं.

मित्रांनो, घरातलं काही कुरकुरू लागलं तर त्याचं तोंड बंद करू नका. ते काय सांगतंय ते ऐका. आणि त्याचं आयुष्य सरलं असेल, तर ते कितीही लाडकं असो, वेळेवर बाजूला काढा. आता माझा भट्टीचा प्रवास उरला आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण आज सकाळी गॅरेजसमोरून एक गाडी गेली आणि रफिकभाई स्वतःशीच म्हणाले, "चिमणामावशी दवाखान्याला गेल्या बघ." किरकिर नसल्याने मला ती आपली गाडी आवाजावरून ओळखूच आली नव्हती.